उंदराच्या पाठीवर बिऱ्हाड

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी जगभरातले कोट्यवधी लॅपटॉप एका रात्रीत म्हातारे झाले. आदल्या दिवशी ते ठणठणीत होते. दुसऱ्या दिवशीही ठणठणीतच होते. पण विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट त्या तारखेला थांबले आणि घरातल्या धाकट्या मंडळींच्या तोंडी 'हा आता वापरत जाऊ नका' अशी भाषा आली. त्याच लॅपटॉपवर विंडोज ११ घालावं म्हटलं, तर तिचं सोवळं फार कडक. टीपीएम २.० नावाची चिप हवी, प्रोसेसर कंपनीने काढलेल्या यादीतला हवा, आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. सातव्या पिढीत जन्मल्याचं पाप ज्यांच्या माथी आहे त्यांचं कूळ कितीही चांगलं असो, पंक्तीत पान मांडलं जात नाही. नोंदणी केलेल्यांना वर्षभराची मुदतवाढ मिळाली खरी. मुदतवाढीवर दिवस काढणं आपल्याला नवीन नाही, मुंबईत कितीतरी इमारती वर्षानुवर्षं तशाच उभ्या आहेत. पण कधीतरी नोटीस येतेच आणि घर सोडावं लागतं.

नव्या लॅपटॉपची खरेदी हा काही लिहिण्याचा विषय नाही. पैसे गेले की ती झाली. खरं काम त्यानंतरचं, बिऱ्हाड हलवण्याचं. विंचवाला ते सोपं जातं, कारण त्याचं सगळं पाठीवर असतं. आमचं डी ड्राइव्हवर होतं.

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातला मुलगा बिल करता करता विचारतो, "काका, डेटा ट्रान्सफर करून देऊ का? सगळं जसंच्या तसं येईल." या 'सगळं'वर विश्वास ठेवणारी माणसं अजून आहेत, म्हणून जग चाललं आहे. त्याच्या लेखी सगळं म्हणजे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स आणि व्हिडिओज. पाच फोल्डर उचलले, टेम्पोत घातले, निघाला. पण जुन्या घरात आपण अंधारातही न धडपडता वावरतो ते सामानामुळे नव्हे. दिव्याचं बटण कुठे आहे, कोणती फरशी हलते, कुठला नळ उलटा फिरतो, हे हातापायांना ठाऊक असतं. ते कुठल्याच टेम्पोत भरता येत नाही आणि मूव्हर्सवाल्याच्या यादीतही त्याचा रकाना नसतो.

खोक्यावर लिहिलेलं असतं ५१२ जीबी. चालू करून बघावं तर ४७६. यात लबाडी नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, आणि त्या दोन हिशेबांच्या सांदीत ३६ जीबी गडप होतात. भाच्याने मला हे कागदावर आकडे मांडून समजावलं. ज्याने सुपर बिल्ट-अपचे पैसे भरून कार्पेटमध्ये संसार केला आहे, त्याला इतकं समजवावं लागत नाही हे त्याच्या लक्षात आलं नाही. तो अजून भाड्याने राहतो.

तर आधी डेस्कटॉप. जुन्या लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर मागचा फोटो दिसत नसे, इतकी चिन्हं. भाच्याने डोळे बारीक करून विचारलं, "मामा, मागे कोणाचा फोटो आहे?" मलाही आठवेना. हिने स्वयंपाकघरातून सांगितलं, "माथेरानचा आहे. माझा."

फाइलींची नावं हा आपल्याकडचा दुर्लक्षित वाङ्मयप्रकार आहे. माझ्याकडे सोसायटीचं चिटणीसपद बरीच वर्षं आहे, कारण सर्वसाधारण सभेत ज्याच्याकडे लॅपटॉप असतो त्याचंच नाव सुचवलं जातं आणि ज्यांच्याकडे नसतो ते सगळे अनुमोदन देतात. त्यामुळे डेस्कटॉपवर 'इतिवृत्त', 'इतिवृत्त फायनल', 'इतिवृत्त फायनल दुरुस्त', 'इतिवृत्त फायनल खजिनदारांनी बदललेलं', 'इतिवृत्त हेच खरं' आणि 'इतिवृत्त सही झालेलं' अशा फाइली होत्या. यातली 'हेच खरं' उघडली, तर ती 'सही झालेलं'पेक्षा वेगळी निघाली. सोसायट्यांचे वाद सहकार न्यायालयात वर्षानुवर्षं का चालतात, याचा थोडा उलगडा तिथे झाला.

पण त्याहून मोठा ऐवज म्हणजे माझे स्वतःचे फोटो. एकच फोटो. पासपोर्ट आकाराचा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चेहऱ्यावर आरोपीचा भाव. त्याच्या फाइली मात्र अशा: 'फोटो', 'फोटो ५० केबी', 'फोटो ५० केबीच्या आत', 'फोटो २० ते ५० केबी', 'फोटो १०० केबी जेपीजी', 'फोटो जेपीईजी नव्हे जेपीजी', 'फोटो चौकोनी'. सहीचंही तसंच. सरकारी, निमसरकारी, बँकेच्या आणि परीक्षेच्या प्रत्येक फॉर्मला माणूस तोच चालतो, पण वजन वेगळं लागतं. एका ठिकाणी सही २० केबीच्या आत मागतात, दुसऱ्या ठिकाणी २० च्या वर. आधार कार्डाच्या पीडीएफला तर घरातल्या प्रत्येकाचे चार-चार अवतार. पासवर्ड असलेला, पासवर्ड काढलेला, दोन्ही बाजू एका पानावर असलेला, आणि एक आडवा, जो कुठेच चालत नाही पण टाकवतही नाही.

भाचा म्हणाला, "मामा, यातला एकच ठेवू. बाकीचे लागतील तेव्हा कमी-जास्त करून घेता येतील."

मी म्हटलं, "रात्री पावणेबारा वाजता, फॉर्मची मुदत बाराला संपत असताना, तू येशील का कमी-जास्त करायला?"

सगळे फोटो आले.

कॉपी लावली की समोर ती पट्टी येते. हिरवी, आशादायक. 'सुमारे ४ मिनिटे बाकी'. आपण चहा टाकायला उठावं तर १ तास ५० मिनिटे. आधण येईपर्यंत २२ मिनिटे. चहा पिऊन झाला की '५ सेकंद', आणि हे पाच सेकंद दुपारच्या जेवणापर्यंत टिकतात. मायक्रोसॉफ्टमधलेच एक जुने जाणते प्रोग्रॅमर, रेमंड चेन, यांनी २००४ सालीच याचा खुलासा लिहून ठेवला आहे: ती पट्टी अंदाज करते. पुढे काय होणार हे तिला कळत नाही, पण तिला विचारलं जातं, म्हणून ती काहीतरी सांगते. हे वाचल्यापासून मला त्या पट्टीबद्दल आपलेपणा वाटू लागला. आमच्याकडे लिफ्ट दुरुस्तीला येणारा माणूसही याच पद्धतीने वेळ सांगतो.

यात एक गोम अशी की, वेळ लागतो तो मोठ्या फाइलींना नव्हे. पुतणीच्या लग्नाचा तीन जीबीचा व्हिडिओ बघता बघता जातो. तेवढ्याच वजनाच्या सुप्रभात-चित्रांना मात्र संध्याकाळ होते. कारण दर चित्रामागे नव्या डिस्कवर त्याची नोंद करायची, फाइल उघडायची, लिहायची, बंद करायची, आणि मध्ये अँटिव्हायरस प्रत्येकाची झडती घेणार. सूर्योदय, गुलाब, वाफाळता कप आणि खाली एखादा सुविचार, अशा हजारो चित्रांची झडती. एकाही सुविचारात व्हायरस सापडला नाही. व्हायरसलाही काही आवडनिवड असावी.

लग्नाचा दुसरा व्हिडिओ, विधींचा, अडला. पेनड्राइव्हवर भरपूर जागा असताना 'फाइल फार मोठी आहे' म्हणून तो आत येईना. पेनड्राइव्ह जुन्या फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता, आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊच शकत नाही. सप्तपदीच्या आधी फोटोग्राफरने प्रत्येक मावशीला पाया पडताना दोन-दोनदा टिपलं होतं, त्याचा हा भार. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केल्यावर मावश्या सुखरूप पलीकडे गेल्या.

मध्येच विंडोज विचारते: या नावाची फाइल इथे आधीच आहे. बदलू, सोडून देऊ, की दोन्ही ठेवू? मला वाटतं हा प्रश्न मराठी मध्यमवर्गाला विचारूच नये. दोन्ही ठेव. आईस्क्रीमचे रिकामे डबे, साडीच्या दुकानाच्या पिशव्या, घरातून कधीच गेलेल्या टीव्हीचं वॉरंटी कार्ड, या सगळ्यांच्या बाबतीत आमचं उत्तर आयुष्यभर तेच आहे.

या उत्तराची फळं दिसली ती डी ड्राइव्ह उघडल्यावर. तिथे 'बॅकअप' नावाचं फोल्डर. त्यात 'जुना लॅपटॉप'. त्यात 'जुना पीसी'. त्यात 'ऑफिसचा पीसी, घाईत काढलेला'. त्यात 'नवीन फोल्डर', त्यात 'नवीन फोल्डर (२)', आणि त्याच्याही पोटात 'फ्लॉपी'. दर वेळी घर बदलताना आधीच्या घराची बांधलेली खोकी न उघडता तशीच नव्या माळ्यावर चढवली होती. भाच्याने ते उचलायला घेतलं, तर विंडोजने हात टेकले: फाइलचा पत्ता फार लांब आहे. विंडोजमध्ये ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या शेपटापर्यंतचा सगळा पत्ता मुळात २६० अक्षरांत बसवावा लागतो. ही अट फार जुनी आहे आणि आता ती सैल करता येते, पण तशी सैल करून मागावी लागते. माझ्या फ्लॉपीपर्यंत पोचायचा पत्ता त्यापलीकडे गेला होता. पोस्टमनला सांगतात तसा, जुन्या चिंचेवरून आत, मग गिरणीवरून डावीकडे, मग कुलकर्ण्यांच्या मागच्या दाराने.

मधली फोल्डरं काढून पत्ता आखूड केला आणि आतली एक फाइल उघडली. सोसायटीचीच, सहस्रकाच्या सुरुवातीची. पडद्यावर काय होतं ते इथे लिहून दाखवता येणार नाही. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं आणि मधूनच फ्रेंच वाटावीत अशी डोक्यावर टोप्या घातलेली काही अक्षरं. भाचा घाबरला. त्याला वाटलं फाइल खराब झाली. फाइल उत्तम होती. ती श्रीलिपीत होती.

युनिकोड घरोघरी पोचण्याआधी मराठी टाइप करणाऱ्यांनी काय दिवस काढले, ते आजच्या पोरांना सांगून पटत नाही. तेव्हा संगणकाला मराठी येत नसे. त्याला फसवावं लागे. इंग्रजी अक्षराच्या जागेवर देवनागरीचं चित्र ठेवलेला फाँट घालायचा. संगणक समजे आपण इंग्रजी छापतो आहोत, आणि कागदावर 'मा. अध्यक्ष महोदय' उमटे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचे सुरेख आणि योगेश, शिवाय कृतिदेव, किरण, आकृती. प्रत्येकाची फसवण्याची तऱ्हा वेगळी. एकाचं 'क' दुसऱ्याच्या 'ङ्'च्या जागी. त्यामुळे फाँट नसलेल्या संगणकावर फाइल नेली की फसवणूक उघडी पडे आणि सगळ्या सभासदांची नावं टोपी घातलेली फ्रेंच होत. छापखान्यात मजकूर देताना लोक फाइलीबरोबर फाँटही पेनड्राइव्हवर नेत. जेवायला जाताना स्वतःचं ताट न्यावं तसं.

श्रीलिपीला शिवाय एक कुलूप असे. संगणकाच्या पाठीमागे खोचायची बोटभर वस्तू. ती असली तरच मराठी चाले. माझ्या ओळखीच्या एका डीटीपीवाल्या बाई रात्री दुकान बंद करताना गल्ल्यातली रोकड ड्रॉवरमध्येच ठेवत आणि ते कुलूप पर्समध्ये घालून घरी नेत. रोकड उद्या पुन्हा येते, असा त्यांचा हिशेब होता.

आता रूपांतर करून देणारे प्रोग्रॅम आहेत. त्यातून आमचं इतिवृत्त बाहेर आलं. विषय क्रमांक १: तिसऱ्या मजल्यावरची गळती. हा विषय गेल्या सभेतही क्रमांक १ वर होता, त्यामुळे या फाइलीचं स्थलांतर फार गरजेचं होतं असं म्हणवत नाही. तरी मी ती ठेवून घेतली.

नव्या लॅपटॉपला मराठी उपजत येतं, हे मात्र मान्य केलं पाहिजे. फक्त त्यात मंगल नसतो. मंगल हा विंडोजचा जुना देवनागरी फाँट. बरीच वर्षं तो विंडोजबरोबर आपोआप येत असे. विंडोज १० पासून त्याला ऐच्छिक विषयांत टाकलं आहे. भाषांच्या यादीत हिंदी किंवा मराठी जोडलं की तो मागच्या दाराने येतो, नाहीतर त्याच्या जागी निर्मला उभी असते. निर्मला दिसायला नीटस आहे, पण तिच्यामुळे माझ्या सगळ्या पत्रांची पानं बदलली. एका पानात बसवलेली थकबाकीची नोटीस दोन पानांवर गेली आणि थकबाकीदाराचं नाव पहिल्या पानावर, रक्कम दुसऱ्या पानावर अशी ताटातूट झाली. मराठी जोडलं, मंगल आला, थकबाकी पुन्हा एकत्र नांदू लागली.

हे झालं सामानाचं. आता ते नळ आणि फरशा.

लॅमिंग्टन रोडचं नाव बदलून डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झालं, पाट्या लागल्या, पत्रव्यवहार बदलला. टॅक्सीवाल्याला आजही लॅमिंग्टनच सांगावं लागतं. माणसांची सेटिंग बदलायला महापालिका पुरी पडत नाही, तिथे दोन लॅपटॉप जोडणारी केबल काय करणार? मायक्रोसॉफ्टने प्रयत्न केला नाही असं नाही. विंडोज एक्सपीमध्ये फाइली आणि सेटिंग हलवणारा मदतनीस होता. व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये त्याचं नाव ईझी ट्रान्सफर झालं, त्यासाठी खास केबलही मिळे. २०१५ मध्ये विंडोज १० आली आणि तो गेला. ती केबल आमच्या तारांच्या डब्यात अजून आहे. भाच्याने ती पाहिली आणि म्हणाला, "कशाला हवी? साधी दोन्हीकडे सारखं तोंड असलेली यूएसबी वायर लावू." साध्या वायरीने दोन संगणक बोलत नाहीत, मध्ये दोघांची समजूत घालणारी चिप लागते. दोन्हीकडे नुसतीच तोंडं असून भागत नाही, हे सोसायटीच्या सभेला एकदा आला असता तर त्याला कळलं असतं.

आता विंडोज बॅकअप नावाची सोय आहे. ती वॉलपेपर, भाषा, वाय-फाय अशी काही सेटिंग आणि तुमचे फोल्डर क्लाउडवर नेते. क्लाउडवर फुकट जागा ५ जीबी. पाच जीबीत आमच्या मावश्यासुद्धा मावत नाहीत.

आमच्या नात्यात एक मॅकवाला आहे. प्रत्येक नात्यात असतो. दोन मॅक शेजारी ठेवले, मायग्रेशन असिस्टंट लावला, आणि सकाळी उठून पाहतो तर सगळं तसंच्या तसं, हे तो बारशापासून तेराव्यापर्यंत कुठेही सांगतो. दुर्दैव असं की ते खरं आहे. तो किंमत सांगत नाही, एवढंच समाधान.

विंडोजवाल्याची सेटिंग कुठे असतात? घरमालकाच्या नजरेआड. ॲपडेटा नावाचं एक फोल्डर असतं, ते दिसतच नाही. 'लपलेलं दाखव' म्हणून वेगळं सांगावं लागतं. त्यात रोमिंग, त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात यूप्रूफ, आणि त्यात एक चिमुकली फाइल: कस्टम डॉट डिक. वर्ड ज्या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ मारतो, त्यावर राइट क्लिक करून 'शब्दकोशात घाल' म्हटलं की तो इथे येऊन बसतो. नोटपॅडमध्ये ती उघडता येते. मी उघडली. आमच्या सोसायटीतली सगळी आडनावं तिथे ओळीने बसली होती. क्षीरसागर, घैसास, चिंचणकर, झगडे, ठोंबरे. वर्षानुवर्षं इंग्रजी पत्रं लिहिताना वर्डने प्रत्येकाला एकदा चूक ठरवलं होतं आणि मी प्रत्येकाला बरोबर ठरवलं होतं. सोसायटी सोडून गेलेले होते. थकबाकीदार होते. दोन जावई होते, ज्यांच्या नावाने पार्किंगची तक्रार झाली होती. आणि एक नाव चक्क चुकीचं होतं. ठोंबऱ्यांचं एक रूप एका 'ई'ने जास्त. म्हणजे ते गृहस्थ इतकी वर्षं प्रत्येक सभेत 'माझं नाव चुकीचं छापता' म्हणून उठत होते, ते उगीच नव्हे. संगणकच त्या चुकीच्या नावाला बरोबर म्हणत होता. मी ती फाइल जशीच्या तशी नव्या लॅपटॉपवर नेली. ठोंबऱ्यांना सभेत उठायला काहीतरी कारण लागतं.

ऑटोकरेक्टचं तसं नव्हतं. जुन्या वर्डमध्ये 'आन' लिहून स्पेस दिली की 'आपला नम्र, मानद चिटणीस', खाली सोसायटीचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता, सगळं झरझर उलगडे. नव्या वर्डला 'आन' म्हणजे नुसतं 'आन'. उपनिबंधकांना जायच्या पत्राखाली सही करताना खजिनदार म्हणाले, "चिटणीस, हे शेवटी 'आन' काय? कोणाला आणायचं आहे?" ती यादीसुद्धा फाइल म्हणून हलवता येते, वेगळ्या फोल्डरातून, वेगळ्या नावाने. भाचा तोवर घरी गेला होता.

बाकी बारीकसारीक. टचपॅडवर दोन बोटं खाली ओढली की जुन्या लॅपटॉपवर पान एकीकडे जायचं, नव्यावर दुसरीकडे. 'ऱ्' सापडेना, त्यामुळे या लेखाचं शीर्षक पहिल्यांदा 'बिर्‍हाड'ऐवजी 'बिर्हाड' असं, रफार चढवून, भलत्याच माणसासारखं दिसू लागलं. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट दाबून इंग्रजी 'जे' मारलं की पाय न मोडलेला, पण पुढे मोडता येईल असा तो 'ऱ' मिळतो. हे बोटांना माहीत होतं. पण बोटांना विचारलं की ती विसरतात.

पासवर्डची कथा थोडक्यात. ब्राउझरमध्ये खात्याने लॉगिन केलेलं असेल तर सगळे पासवर्ड आपसूक पोचतात. नुसतं ब्राउझरचं फोल्डर उचलून आणलं तर पासवर्ड येतात पण उघडत नाहीत, कारण ते जुन्या संगणकावरच्या तुमच्या विंडोज खात्याशी बांधून कुलूपबंद केलेले असतात. पेटी आली, किल्ली भिंतीतल्या खिळ्यावर राहिली. बँकेने नवं यंत्र पाहून दचकून ओटीपी पाठवला, तो हिच्या फोनवर गेला, आणि फोन भिशीला गेला होता. तेवढ्या वेळात मी आमच्या घरातला सर्वात भरवशाचा बॅकअप काढला: कालनिर्णय. दुधाच्या हिशेबाशेजारी, एकादशीच्या खाली, हिच्या अक्षरात वाय-फायचा पासवर्ड, गॅसचा ग्राहक क्रमांक आणि वीजबिलाच्या खात्याचं लॉगिन. भाच्याने फोनवर मला सुरक्षिततेवर व्याख्यान दिलं. मी म्हटलं, चोर आला तर तो आधी चतुर्थी कधी आहे ते बघेल.

उरला प्रिंटर. आमचा प्रिंटर ज्या कंपनीचा आहे तिचं नाव घेत नाही, पण तिने नव्या विंडोजसाठी त्याचा ड्रायव्हर काढलेला नाही आणि काढणारही नाही, असं तिच्याच पत्रकात सभ्य भाषेत लिहिलं आहे. प्रिंटर उत्तम चालतो. शाई स्वस्त मिळते. असून अडचण, नसून खोळंबा. भाचा म्हणाला, नवा घे. हिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तो विषय परत काढला नाही.

मग जुना लॅपटॉप, जो खरं तर फॉरमॅट करून ई-कचऱ्यात द्यायचा ठरला होता, तो प्रिंटरशेजारी स्टुलावर बसला. इंटरनेट काढून टाकलं, कारण आता त्याला सुरक्षा अपडेट नाहीत. सबब काम असं चालतं: नोटीस नव्या लॅपटॉपवर लिहायची, पेनड्राइव्हवर घ्यायची, पेनड्राइव्ह जुन्यात घालायचा, फाइल तिथे उतरवायची आणि छापायची. छापल्यावर चूक सापडते. चूक जुन्यावरच सुधारणं सोपं पडतं, कारण 'आन' तिथे चालतं. सुधारलेली फाइल मग पेनड्राइव्हवर घेऊन नव्यात परत आणायची, म्हणजे दोन्हीकडे एकच राहील. ती एक राहत नाही. खजिनदारांनी एक बदल नव्यात करून ठेवलेला असतो.

काल हिला तिच्या भिशीच्या यादीची प्रत हवी होती, म्हणून जुना लॅपटॉप उघडला. माथेरानचा फोटो पुन्हा झाकला गेला आहे. डेस्कटॉपवर 'नवीन लॅपटॉप' नावाचं फोल्डर तयार झालं आहे, त्यात 'नवीन लॅपटॉप (२)', आणि त्यात 'नोटीस फायनल', 'नोटीस फायनल मंगलमध्ये' आणि 'नोटीस जी लावली ती'. सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली आहे. भाच्याला फोन केला, तर तो म्हणाला, मामा, काही नाही, एखादी एक्स्टर्नल डिस्क घे आणि सगळं तिच्यावर हलव.